तीन चिरांचा पाव

दक्षिण इटलीतल्या मातेरा शहरात पाव भट्टीत सरकवण्याआधी त्यावर सुरीने तीन चिरा देतात. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने, असं तिथली जुनी माणसं सांगतात. फोर्नो, म्हणजे गल्लीतली बेकरी, अगदी साधी असते. टोमॅटो आणि ओरेगानो घातलेल्या फोकाचा या चपट्या पावाचा तुकडा कागदात गुंडाळून मिळतो आणि गिऱ्हाईक तो उभ्याउभ्याच खातं. चिरा देणारा धर्मगुरू नसतो, समोर वेदी नसते. मग या पावात काही पवित्र आहे असं म्हणता येईल का?

कॅथलिक चर्चचं उत्तर नेमकं आहे. मिस्सामध्ये, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, धर्मगुरूच्या प्रार्थनेने पावाचं ख्रिस्ताच्या शरीरात रूपांतर होतं. रंग, चव, आकार तोच राहतो, तत्त्व बदलतं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ही श्रद्धा सिद्धान्त म्हणून मांडली. हा पाव गव्हाचाच हवा, आणि रोमन परंपरेत तो बेखमीर हवा.

या खमिरावरून ख्रिस्ती जगात मोठा वाद पेटला होता. कॉन्स्टँटिनोपलकडचे ख्रिस्ती वेदीवर आंबवलेला पाव ठेवत; बेखमीर पाव त्यांना निर्जीव वाटे. १०५४ साली पोपचे दूत कार्डिनल हंबर्ट यांनी हागिया सोफियाच्या वेदीवर बहिष्कारपत्र ठेवलं. त्यामागच्या भांडणात खमिराचा मुद्दा ठळक होता. १४३९ मध्ये फ्लोरेन्सच्या परिषदेने दोन्ही पाव ग्राह्य ठरवले, पण पूर्व आणि पश्चिम चर्चमधली फूट सांधली गेली नाही. अगदी २०१७ मध्येही व्हॅटिकनने बिशपांना पत्र पाठवून बजावलं: ग्लुटेन अजिबात नसलेला पाव मिस्साला चालणार नाही, अगदी थोडं असलेला चालेल. या काटेकोरपणाला नावं ठेवण्याचं कारण नाही. पूजेच्या सामग्रीत चालढकल नको, हे मराठी घरांनाही कळतं.

मात्र याच काटेकोरपणातून माणसं तोडताही येतात. पोर्तुगीज काळात विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेल्यांना त्यांच्याच लोकांनी बाटलेले ठरवलं, अशा कथा वसई-गोव्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्या कथांमधला पाव कुणाची भूक भागवत नाही. तो नुसतं कुंपण होतो.

संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात प्रभुभोजनावरून कडक कानउघाडणी केली आहे. ती खमिराबद्दल नाही. काहीजण आधीच खाऊन-पिऊन धुंद होतात आणि बाकीचे उपाशी राहतात, ही त्याची तक्रार आहे. म्हणजे वेदीचे नियम ठरण्याच्या कितीतरी आधी एका प्रेषिताने भोजनाचं पावित्र्य वाटून खाण्याशी बांधलं होतं. हा निकष लावला, तर मातेराची भट्टी वेदीच्या फार जवळ येते.

तिथली सास्सी ही जुनी वस्ती खडक कोरून केलेली. माणसं आणि जनावरं एकाच गुहेत राहत. कणीक ज्याच्या त्याच्या घरी मळली जाई, भट्टी मात्र सामायिक. इतक्या पावांत आपला ओळखू यावा म्हणून कणकेवर लाकडी शिक्का उमटवत: खाली घराची आद्याक्षरं, वर कोरलेला एखादा प्राणी किंवा माणूस. पावावर घराचं नाव असे, पण तो भाजणारी आग कुणा एका घराची नसे. मोठा पाव आठवडाभर पुरवायचा. शिळा झाला की पाण्यात भिजवून, टोमॅटो, कांदा आणि ऑलिव्ह तेल घालून त्याची ‘चाल्लेद्दा’ करायची. दक्षिण इटलीतल्या घरांत पावाचा तुकडा खाली पडला तर उचलून त्याचं चुंबन घेत, पालथा पडलेला पाव चटकन सुलटा करत. अन्नाला पाय लागला की हात जोडणाऱ्यांना यात परकं काही वाटणार नाही.

त्या गरिबीचं गुणगान मात्र करू नये. १९५२ च्या कायद्याने सास्सीतल्या लोकांना नव्या वस्त्यांत हलवलं, आणि ते गरजेचंच होतं. त्यासोबत सामायिक भट्ट्यांचा काळ सरला. पाव टिकला. २००८ पासून त्याला युरोपीय भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या नियमांत ड्युरम गव्हाचा रवा आणि ताजी फळं पाण्यात मुरवून धरलेलं खमीर सांगितलेलं आहे. रोमन वेदीवर ज्याला जागा नाही, ते खमीर इथे पावाचा प्राण आहे.

मातेराला जाणाऱ्यांनी खडकात कोरलेली चर्चं जरूर पाहावीत. पण त्याच सकाळी एखाद्या फोर्नोच्या रांगेत उभं राहावं, तीन चिरांचा अख्खा पाव घ्यावा आणि तो एकट्याने खाऊ नये.