वरणात दोन पळ्या

मागच्या हिवाळ्यात मी माझ्या आजीला अठरा दिवस बोकडाच्या खुरांचं सूप पाजलं. तिला न सांगता. आजी माळकरी आहे. 1998 साली पंढरपूरला जाऊन तिनं गळ्यात तुळशीची माळ घातली, आणि तेव्हापासून मटण, मासा, अंडं, सगळं बंद. आज ती चालते. वॉकर धरून का होईना, इतवारीतल्या आमच्या घराच्या ओट्यापर्यंत येते आणि शेजारणींना सांगते, "नातवानं वरण खाऊ घालू घालू उभं केलं मले."

म्हणजे गोष्टीचा शेवट गोड आहे. माझी अडचण तिथेच सुरू होते.

आमचं घर कोष्ट्यांचं. नागपूरबाहेरच्या लोकांना सावजी म्हणजे झणझणीत रश्श्याचं हॉटेल वाटतं, पण मुळात ते हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं जेवण. त्यात बोकडाचं काही वाया जात नाही. मुंडी, कलेजी, खूर, प्रत्येकाची वेगळी भाजी. आजीच्या हातचे खूर गल्लीत नावाजलेले होते. माळ घातल्यावर तिनं खाणं सोडलं, शिकवणं नाही. लांब पाटावर बसून सांगायची: आधी जाळावर धर, केस जळू दे, सुरीनं खरवड, मग हळद आणि कणीक चोळून धू. मला खूर साफ करता येतात ते तिच्यामुळेच.

घरात कुकर दोन. एक वरण-भाताचा, एक मटणाचा. मटणाचा गॅलरीतल्या फळीवर राहतो. हाही तिचाच नियम, आणि त्यामागे निव्वळ सोवळं नाही. कुकरचं भांडं घासून स्वच्छ होतं, पण रबराची रिंग वास धरून ठेवते. एकदा पायाचं सूप केलं की चार दिवस त्या रिंगमधून भाताला वास येतो.

नोव्हेंबरात आजी न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन आणि कॅल्शियम पोटात जाऊ द्या: दूध, दही, डाळी. आजी दोन घास खाऊन ताट सरकवायची. रात्री तिच्या उशाशी बसून मी मोबाईल चाळायचो आणि मला रील दिसायच्या. बोन ब्रॉथ. हाडं जोडतो, गुडघे सुधारतो, आतडी बरी करतो. एक जण जमलेल्या सूपाचा डबा उलटा करून दाखवायचा, थेंबही पडायचा नाही. खाली हजारो लाइक. मी डबा उलटा करणाऱ्या माणसावर विश्वास ठेवला.

करणं अवघड नाही. खुरांचे तुकडे, बुडतील इतकं पाणी, आलं, मिरे, थोडा लिंबाचा रस. एक शिटी झाली की आच बारीक करून पाऊण तास. पातेल्यात याला पाच-सहा तास लागतात. कुकरात वाफ कोंडल्यामुळे पाणी 120 अंशांच्या आसपास तापतं आणि कातडी-सांध्यांतलं कोलाजन भराभर विरघळून जिलेटिन होतं. गाळून फ्रीजमध्ये ठेवलं, वर आलेली चरबी काढली, खाली थरथरणारी खळ उरली. तिच्यातल्या दोन पळ्या रोज आजीच्या वरणात. वरून हिंग-जिऱ्याची फोडणी.

करोनापासून आजीला वास नीट येत नाही. हे मला माहीत होतं, आणि मी ते हिशेबात धरलं होतं. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला.

अठराव्या दिवशी आईला फ्रीजमध्ये डबा सापडला. तिनं झाकण उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. ओरडली नाही. डबा मोरीत रिकामा केला आणि म्हणाली, "आता त्यांना सांगशील तर खबरदार."

त्यानंतर मी नीट वाचायला बसलो. आधी बसायला हवं होतं. हाडातलं कॅल्शियम पाण्यात जवळजवळ विरघळत नाही; लिंबू टाकून थोडंफार उतरतं इतकंच. गाईच्या कपभर दुधात सुमारे 300 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, कपभर सूपात त्याचा अगदी छोटा हिस्सा. आणि कोलाजन पोटात गेलं की इतर प्रोटीनसारखंच पचतं, तुकडे होतात; ते पत्ता विचारत खुब्यापर्यंत जात नाही. आजीला उभं केलं ते ऑपरेशननं, व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी आणि तिच्या हट्टानं. माझ्या दोन पळ्यांनी काहीच केलं नव्हतं.

गंमत म्हणजे हे कळल्यावर मला जास्त अपराधी वाटलं. मग प्रश्न पडला: सूप खरंच लागू पडलं असतं, तर मी केलेलं बरोबर ठरलं असतं का?

कुकरचा इतिहासही अशाच एका उपकारातून जातो. डेनिस पापँ या फ्रेंच माणसानं 1679 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पहिला कुकर दाखवला, तो मुळात हाडं मऊ करण्यासाठीच. भांडं फुटू नये म्हणून वजनाची झडप लावली. आपल्या शिटीची ती पणजी. पुढे पॅरिसमध्ये हाडांतून जिलेटिन काढून त्याचं सूप इस्पितळांतल्या गरिबांना देऊ लागले. स्वस्त, पौष्टिक, पुण्याचं काम. मग माजांदीच्या समितीनं कुत्र्यांवर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि 1841 मध्ये अहवाल दिला की नुसत्या जिलेटिनवर शरीर तगत नाही. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. माझाही नव्हता.

खोटं बोलण्यावर वाद घालताना दोन गोष्टी नेहमी निघतात. कांटनं 1797 मध्ये लिहिलं की दारात खुनी उभा असला तरी खोटं बोलू नये. उलट महाभारतात, कर्णपर्वात, कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो: या सत्यवचनी ब्राह्मणानं दरोडेखोरांना लपलेल्या माणसांची खरी जागा सांगितली, माणसं मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. मला कौशिकाची गोष्ट जास्त पटते. पण ती माझ्या कामाची नाही. दोन्ही गोष्टींत दारात मारेकरी आहे. माझ्या दारात कोण होतं? खाटेवर पडलेली आजी. जिचं हाड, जिचं तोंड, जिची माळ, तिलाच मी वगळलं.

सांगितलं असतं तर ती नाही म्हणाली असती, म्हणून मी सांगितलं नाही, असं मला वाटायचं. आता वाटतं, ती आधी विचारती झाली असती. "हाडाचं पानी पिऊन हाड जुळते काय बे?" मागावर आयुष्य गेलेली बाई आहे ती, धागा कुठे सुटला ते तिला पटकन दिसतं. तिच्या एका प्रश्नानं मला त्याच रात्री वाचायला बसवलं असतं. सूप गुणकारी निघालं असतं तरीही हा प्रश्न विचारायचा हक्क तिचा होता, आणि तो मी फोडणीखाली लपवला.

आता सांगावं का? आई म्हणते, त्यांनी पाप केलं नाही तर त्यांच्या डोक्यावर कशाला ठेवतोस? तुझं ओझं तू वाहा. यात तथ्य आहे. मी सांगितलं तर माझं मन हलकं होईल आणि सत्तावीस वर्षं पाळलेलं व्रत मोडल्याचा भार तिच्यावर पडेल. पण न सांगणं म्हणजे तिच्या वतीनं पुन्हा मीच ठरवणं. एकोणिसाव्या दिवशीही तेच, आजही तेच. कधी वाटतं, विठ्ठलाशी काय बोलायचं ते तिचं ती पाहील, मी मध्ये कोण? आणि मग ती ओट्यावर बसून शेजारणीला वरणाची गोष्ट सांगताना दिसते आणि मी आत निघून जातो.

परवा वरणाच्या कुकरची रिंग सैल झाली. इतवारीत भांड्यांच्या दुकानांत गेलो तर आजीनं ओट्यावरून हाक मारली, "दोन आणजो. त्या दुसऱ्या कुकरचीबी जुनी झाली." आणल्या. तिनं दोन्ही हातात घेऊन पाहिल्या, एकीला लाल दोरा बांधला आणि मला म्हणाली, "हे मटणाची. ध्यानात ठेवजो, नाहीतं मिसळशील."

मी हो म्हटलं आणि रिंग घेऊन गॅलरीत गेलो.