आयतं मटण आणि बिबट्याच्या फेऱ्या

बिबट्या दिसल्याची बातमी आली की तिसगावच्या स्टँडवर हल्ली एकच उपाय ऐकू येतो: पकडा आणि कायमचा आत टाका, तिथं आयतं मटण मिळतंय, त्याचं काय वाईट आहे? 2020 साली मढी, केळवंडी, शिरापूर इथली लेकरं बिबट्यानं नेली. ते विसरून इथं कुणी भूतदया शिकवू नये. माणूस मारलेलं जनावर परत सोडू नये, हेही मला मान्य आहे. माझा वाद आहे तो त्या आयत्या मटणाशी.

पिंजऱ्यातला बिबट्या जाळीलगत चालतो. कोपरा आला की मान त्याच बाजूला वळते, पंजा त्याच जागी पडतो, मातीत पायवाट उमटते. ‘व्यायाम करतोय’ म्हणणाऱ्यांना सोडून देऊ. ‘वेडा झालाय’ हेही तितकंच उथळ.

आयत्या मटणाचा मुद्दा मात्र चिवट. जनावर हिंडतं ते पोटासाठी. पोट भरलं की हिंडण्याचं कारण संपलं, असं त्यामागचं गणित. खाण्याच्या वेळेआधी फेऱ्या वाढतात, त्यावर ही मंडळी हमखास बोट ठेवतात. पण रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन यांनी 2003 साली ‘नेचर’मध्ये निरनिराळ्या मांसाहारी जाती ताडून पाहिल्या, तेव्हा शिकारीच्या सवयींवरून फेऱ्यांचा अंदाज बांधता आला नाही. रानात ज्यांचा मुलूख मोठा, त्यांच्या फेऱ्या जास्त. प्राणिसंग्रहालयात ध्रुवीय अस्वलाला मिळणारी जागा त्याच्या किमान मुलखाच्या दहा लाखाव्या हिश्शाएवढी. पोट भरलेलंच होतं की त्याचं! आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्याच नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून 2009 साली काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या माळशेजला सोडला, तर तो सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत कुत्री-शेळ्या काय कमी होत्या?

‘आमचा तर शांत बसलाय’ हा याच मुद्द्याचा दुसरा अवतार. एकाच वाईट जागेत फेऱ्या घालणाऱ्यांपेक्षा न घालणाऱ्यांची अवस्था कधी कधी जास्त बिकट असते, हे मेसन यांनीच पुढं दाखवलं. दिवसभर मागच्या अंधारात पडलेला बिबट्या सुखावलेला नसेल, लपलेलाही असेल.

म्हणून फेऱ्या मोजून भागत नाही. अडलेली फेरी आणि मुरलेली फेरी वेगळी ओळखावी लागते. अडलेल्या फेरीमागं अजून इच्छा असते, वाट बंद असते. उंच माच, लपायला आडोसा, दडवून ठेवलेलं खाणं दिलं की ती कमी होते. मुरलेली फेरी मात्र जागा बदलली तरी चालूच राहते. एकदा सुरू केलेलं थांबवणंच त्या मेंदूला जड जातं. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि पहिलीची दुसरी व्हायला वेळ तेवढा लागतो.

हा वेळ आपण हिशोबातच धरत नाही. सापळ्याच्या पिंजऱ्यात शेळी बांधली की जो आत शिरेल त्याच्यामागं दार पडतं. लेकरू नेलेला तोच, याची खात्री कुठंय? बाहेर पडायला तो गजांवर दात मोडून घेतो, आणि मग वनखात्याच्या हुकमाची वाट बघत आत राहतो. लांब नेऊन सोडावा, तर जुन्नरच्या बिबट्यांचं काय झालं ते विद्या अत्रेय यांनी अभ्यासून दाखवलंय: जिथं सोडले तिथं हल्ले वाढले. जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र आहे, पण तिथं मावणार किती?

उरतं ते निर्दोष जनावर जवळच, लवकर सोडणं. हे बोललो की लोक विचारतात, तुमच्या वस्तीवर सोडायचा का? प्रश्न रास्त आहे. उसाच्या कडेला राहणाऱ्यानं तो विचारलाच पाहिजे. पण बिबट्या सापडला त्याच आठवड्यात, वनखात्याच्या माणसासमोर. ‘आत मजेत आहे’ म्हणून पुढं ढकलायचा तो प्रश्न नाही.