न थांबण्याची प्रौढी

संगणक बाळगणाऱ्या मंडळींत एक गमतीची चढाओढ चालते. आपले यंत्र एकदाही बंद न करता किती दिवस चालू आहे, हे ते मोठ्या अभिमानाने सांगतात. युनिक्सच्या कुळातील यंत्रांत तर ‘अपटाइम’ एवढा एक शब्द टंकला की यंत्र स्वतःच आपले सलग वय सांगते : इतके दिवस, इतके तास. कोणी शंभर दिवस सांगतो, कोणी वर्ष सांगतो. आणि एखाद्या दुपारी वीज गेली की घरात कोणी दगावल्यासारखा चेहरा करतो.

हसू येते खरे. पण हसणाऱ्याने थोडे स्वतःकडेही पाहावे. ‘तीस वर्षांत एक दिवस रजा घेतली नाही,’ असे निरोपसमारंभात कोणी सांगितले की आपणही टाळ्या वाजवतोच ना? न थांबणे हा सद्गुण, असे आपण धरूनच चालतो. पण तो खरोखर सद्गुण आहे काय?

आखाती युद्धातली एक हकीकत आहे. सौदी अरेबियातील धाहरान येथे शत्रूची क्षेपणास्त्रे आकाशातच पाडणारी ‘पेट्रियट’ नावाची अमेरिकन यंत्रणा होती. तिचा संगणक शंभरांहून अधिक तास सलग चालू होता. त्याचे घड्याळ सेकंदाचा दहावा भाग हे माप धरून चाले. आता, एकाला तिनाने भागले की आपल्याला जसे न संपणारे तीन मिळत जातात, तसा एकदशांश हा संगणकाच्या शून्य-एकच्या गणितात कधीच पुरा लिहून होत नाही. कुठेतरी तोडावा लागतो. त्या तोडण्यात राहिलेली चूक अगदी नगण्य. पण शंभर तासांत ती साचत साचत सेकंदाच्या एकतृतीयांशाएवढी झाली, आणि तेवढ्या अवधीत स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणेने भलत्याच जागी पाहिले. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी तेथे २८ सैनिक मेले. यंत्र मध्ये बंद करून पुन्हा सुरू केले असते, तर घड्याळ शून्यापासून मोजू लागले असते. फार वेळ सलग चालवण्यात धोका आहे, अशी सूचना आलीही होती. पण ‘फार वेळ’ म्हणजे किती, हे तीत लिहिलेले नव्हते. सुधारलेली आज्ञावली तेथे पोचली ती दुसऱ्या दिवशी!

पुढे २०१५ साली बोइंग ७८७ विमानांतही असाच दोष सापडला. २४८ दिवस वीज अखंड चालू राहिली, तर जनित्रांचे नियंत्रक एकाएकी हात टेकण्याचा संभव होता. उपाय काय, तर अधूनमधून सारे बंद करून पुन्हा सुरू करा.

आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी तो बैलाची खांदमळणी करतो. जू जिथे बसते तिथे हळद आणि तूप चोळतो. जू मानेवर असेपर्यंत बैल चालतच असतो, आणि चालणारा बैल धडधाकटच दिसतो. खांदा कुठे सोलला आहे, हे जू उतरल्यावरच कळते. थांबणे म्हणजे नुसती विश्रांती नव्हे. साचलेली चूक दिसण्याची ती एकमेव वेळ असते.

कोणी म्हणेल, सगळ्यांना कसे थांबता येईल? दवाखाना थांबेल? आजाऱ्याची उशाशी बसलेली माणसे थांबतील? शंका रास्त आहे. तिचे उत्तर आपल्या गावच्या देवळातच आहे. अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पण सात दिवस एकच माणूस ती गळ्यात घेऊन उभा राहतो काय? पहारा बदलतो. एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि पहिला घरी जाऊन भाकर खातो, झोपतो. नाम अखंड राहते. नाम घेणारा माणूसच राहतो. मोठमोठ्या पेढ्यांचे संगणकही आता याच रीतीने चालवतात : एक यंत्र बंद करायचे तर त्याचे काम आधी दुसऱ्याकडे सोपवतात.

अखंडता कामाची असावी, कामकऱ्याची नव्हे. मात्र एवढे म्हणून आपली सुटका होत नाही. सोयाबीनची सोंगणी आटोपून संध्याकाळी घरी येणारी आणि चुलीपुढे बसणारी बाई थांबत नाही, ती काही प्रौढीसाठी नव्हे. तिच्या पहाऱ्याला दुसरे कोणी उभेच नसते. तिला ‘जरा विसावा घे’ असे सांगणे म्हणजे त्या धाहरानच्या सूचनेसारखेच : सल्ला खरा, पण कधी, किती वेळ आणि तोवर काम कोणी करायचे, हे त्यात नाही. आणि तिच्या न थकण्याचे आपण कौतुक करतो, तेव्हा पुष्कळदा आपली पाळी चुकवत असतो.

दिवाळीत प्रत्येक घरात असे एक माणूस असते. पहाटे सर्वांच्या आधी त्याचा दिवस सुरू होतो आणि रात्री सर्वांच्या नंतर मावळतो. फराळाचे ताट पुढे आले की त्याची तारीफ करण्याचा रिवाज आहे. यंदा तारीफ थोडी कमी करावी, आणि उठून झारा आपल्या हाती घ्यावा. पहिली चकली बिघडेल, बिघडू द्यावी.