आधी पाणी

भाईंदर पश्चिमेला, खाडीचा वारा येतो अशा एका इमारतीत बँकेत नोकरी करणारा एक गृहस्थ राहत होता. ‘फाइंडिंग निमो’ सिनेमा पाहिल्यापासून त्याच्या मुलीने एकच धोशा लावला होता: घरात निमो हवा आणि निमोचं घरही हवं. बापाचा लेकीवर जीव. दिवाळीचा बोनस हाती आला तसा तो रविवारी क्रॉफर्ड मार्केटला गेला. काचेची टाकी, पंप, दिवा, समुद्री मिठाची पिशवी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन क्लाउनफिश आणि एक समुद्रफूल, सगळं एकाच गाडीत घालून घेऊन आला. रात्री दहापर्यंत हॉलमध्ये समुद्र तयार!

समुद्रफूल नावाचंच फूल, खरा तो प्राणी. पायाने खडकाला धरून बसतो आणि त्याच्या लवलवत्या शुंडकांत डंख असतात. लहान मासा शिवला की संपला. क्लाउनफिशच्या अंगावर मात्र असा बुळबुळीत लेप असतो, की त्याला ते डंख बाधत नाहीत. तो आत दडून शत्रूपासून वाचतो, त्याच्या विष्ठेतून समुद्रफुलाला खत मिळतं, आणि समुद्रफूल खायला येणाऱ्या माशांना तो हुसकावूनही लावतो. दोघांचं एकमेकांवाचून अडावं अशी ही सोयरीक, म्हणून तर ती पाहायला माणसं टाकीपुढे तासन्तास बसतात.

चार दिवस कौतुकात गेले. मग समुद्रफूल आक्रसू लागलं, त्याचं तोंड उघडं राहू लागलं. मासे वरच्या कोपऱ्यात धापा टाकू लागले. ऑक्टोबरची उष्णता, त्यात वर पंखा. टाकीतलं पाणी रोज बोटभर खाली जाई आणि बाप इमानाने मिठाचं पाणी कालवून भर घाली.

मुलीची आजी जवळच्याच राई गावची. तरुणपणी मिठागरात डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहिलेली. तिने टाकीच्या काठावर जमलेला पांढरा थर नखाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

“रोज वर काय ओततोस रे?”

“मिठाचं पाणी. समुद्राचं पाणी खारंच असतं ना, आई.”

“ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाही. जेवढं गेलं तेवढं गोडं पाणी घालायचं. तू मिठावर मीठ ओततोयस. अरे, आम्ही असंच तर मीठ पिकवायचो!”

त्याने घनता मोजली. समुद्राची असते 1.025 च्या आसपास, काटा 1.031 वर गेला होता. पण एवढंच नव्हतं. माशांच्या विष्ठेतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू नव्या टाकीत नसतातच, ते रुजायला चार-सहा आठवडे लागतात. त्याने पहिल्याच रात्री बिऱ्हाड भरलं होतं. घनता मोजली त्याच रात्री समुद्रफुलाने खडक सोडला, वाहत पंपाच्या तोंडाशी गेलं आणि त्यात ओढलं गेलं. सकाळी घरभर दुर्गंधी. मासे घाईघाईने ओळखीच्या एका हौशी माणसाकडे पोचवले, म्हणून वाचले.

मुलगी रडू लागली. तिला जवळ घेत आजी मुलाला म्हणाली, “पहिल्या भरतीच्या पाण्याने कधी मीठ दिलंय? पावसाळा सरला की आधी वाफ्यातला गाळ काढायचा, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा. मग पाणी घ्यायचं, या वाफ्यातून त्या वाफ्यात फिरवायचं. ज्याला जगवायचंय, त्याची जागा आधी तयार कर. बोलावणं मागाहून.”

समुद्रफूल किती जगलं असतं, असं मुलीने विचारलं. बापाने शोधलं तेव्हा त्याला स्कॉटलंडची एक हकिकत सापडली. जॉन डॅलिएल या अभ्यासकाने 1828 साली समुद्रकाठच्या खडकावरून एक समुद्रफूल घरी नेलं. ‘ग्रॅनी’ म्हणून ते ओळखलं जाई. 1851 मध्ये डॅलिएल वारला, पुढच्यांनी ते सांभाळलं, आणि ते गेलं 1887 मध्ये. ना पंप होता, ना वीज. अधूनमधून शिंपल्यातल्या मांसाचा तुकडा आणि नियमाने बदललेलं समुद्राचं पाणी. बाप बराच वेळ गप्प होता.

टाकी पुन्हा भरली ती रिकामीच: पाणी, वाळू, कोरडे दगड. जिवंत प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून तो विषयच काढला नाही. समुद्री मिठाची पिशवी महाग, तर आपल्या मिठागरातलं का नको, असं मुलीने विचारलं. आजी म्हणाली, “मीठ उचललं की खाली कडू पाणी उरायचं, ते आम्ही खाडीत सोडायचो. समुद्र हवा तर ते कडूही हवं.” खरंच आहे ते. मॅग्नेशियम त्या कडू पाण्यातच राहतं.

पाहुणे विचारत, मासे कुठायत? मुलगी रोजच्या मोजणीची वही दाखवी. टाकीत चिमूटभर खाद्य टाकलं होतं, त्यातून अमोनिया वर गेला, मग जिवाणूंनी त्याचं केलेलं नायट्राइट वर गेलं, मग दोन्ही शून्यावर आले आणि तिथेच राहिले. त्यानंतर क्लाउनफिशची जोडी आली, तीही समुद्रातून पकडलेली नव्हे, टाकीतच जन्मलेली. हे मासे बंदिस्त पाण्यात वाढवता येतात. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या पुढाकाराने तसं काम झालेलं आहे. प्रवाळखडकांवरचा भार त्याने हलका होतो, ही मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

समुद्रफूल आलं ते आणखी कितीतरी महिन्यांनी. ‘बबल टिप’ जातीची समुद्रफुलं आपोआप दुभंगून एकाची दोन होतात. दुसऱ्या एका हौशी माणसाच्या टाकीत असं झालं, त्यातलं एक यांना मिळालं. त्याने दोनदा जागा बदलली, मग एका कपारीत पाय रोवला. मासे आठवडाभर तिकडे फिरकले नाहीत. मग मोठी मादी शेपूट लावून पाहू लागली, आणि हळूहळू आत शिरली.

पंपाच्या तोंडावर आता स्पंजची टोपी आहे, वीज गेली तर चालणारा बॅटरीचा हवापंप कपाटात तयार असतो. मध्यंतरी मुलीला तिसरा निमो हवा होता. एवढ्या छोट्या टाकीत जमलेली जोडी तिसऱ्याला जगू देत नाही, हे तिच्या वाचनात आलं आणि तिने तो विषय स्वतःच सोडून दिला.