शोभणे आणि पेलणे

मराठी माणूस कुठलीही वस्तू घेताना दोन प्रश्न विचारतो. पहिला ‘केवढ्याला?’ आणि दुसरा ‘शोभेल का?’ पहिला प्रश्न तो दुकानदाराला विचारतो आणि दुसरा दुकानदार सोडून बाकी सगळ्यांना. साडी शोभते, चष्मा शोभतो, मिशी शोभते किंवा शोभत नाही. जावईसुद्धा आधी शोभतो की नाही ते बघतात आणि मग तो काय करतो याची चौकशी होते. त्यामुळे वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मोटारसायकल शिकून, लायसन खिशात घालून, ‘आता एक गाडी घ्यावी म्हणतो’ असं मी जाहीर केलं, तेव्हा आमच्या सोसायटीला एकच चिंता पडली. मला शोभेल काय?

या चिंतेचं मूळ माझ्या उंचीत आहे. मी सहा फूट तीन इंच आहे. यात माझं कर्तृत्व शून्य. आजोबा तसे होते, त्यांच्याकडून एवढीच इस्टेट आली. उंच माणसाची एक पंचाईत अशी, की लोक त्याच्या उंचीलाच त्याची लायकी समजतात. उंच मुलगा म्हणजे मोठा मुलगा आणि मोठा म्हणजे समजूतदार, हा हिशेब शाळेपासून सुरू होतो. वर्गात कुणी खिडकीची काच फोडली की मास्तर म्हणायचे, ‘अरे, तू तरी एवढा घोडा झालायस, तुला कळायला नको?’ आता काच फोडणारा आणि मी एकाच वर्षी जन्मलेलो. पण त्याचं अज्ञान साडेचार फुटी असल्यामुळे क्षम्य होतं आणि माझं छताला टेकलं होतं.

मोटारसायकलच्या बाबतीत हाच हिशेब पुन्हा पुढे आला. शेजारच्या काकांनी विषयच संपवला. ‘तुम्हाला बुलेट. दुसरी कुठलीही गाडी तुमच्याखाली खेळण्यासारखी दिसेल.’ पुतण्या म्हणाला, ‘काका, तुम्ही साडेसहाशे सीसीच घ्या. उद्या पुन्हा बदलायला नको.’ गाडी मी चालवणार होतो, पण ती लांबून दिसणार कशी याची काळजी ज्यांना लांबून बघायचं होतं त्यांनी वाहिली होती. मी गाडी शिकून तेव्हा जेमतेम पाच महिने झाले होते, ही गोष्ट कुणाच्या हिशेबातच नव्हती. कारण नवखेपण दिसत नाही आणि उंची दिसते.

आता गाडी ‘मोठी’ म्हणजे नक्की काय, हे जरा टेप घेऊन बघू. आपल्याकडे दूधवाल्यापासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळ्यांची म्हणून जी स्प्लेंडर आहे, तिच्या सीटची उंची जमिनीपासून ७८५ मिलिमीटर. २०२३ साली नव्या रूपात आलेल्या बुलेट ३५०च्या सीटची उंची ८०५. म्हणजे ज्या थोरपणाचा एवढा गवगवा, तो सीटवर बसल्यावर दोन सेंटिमीटरचा, बोटाच्या एका पेराएवढा. फरक आहे तो वजनात. स्प्लेंडर ११२ किलो आणि बुलेट १९५. वरचे ८३ किलो म्हणजे एक खाऊनपिऊन सुखी असलेला माणूस. तो माणूस गाडीत कायमचा बसवलेला असतो आणि सिग्नलला गाडी कलली की तोही आपल्याबरोबर कलतो.

गंमत पुढेच आहे. बुलेटचा आवाज दांडगा असला तरी ताकद वीस हॉर्सपॉवरच्या आसपास. उलट तिच्याशेजारी सडपातळ दिसणारी ड्यूक ३९० वजनाने हलकी, पण ताकदीने दुपटीहून जास्त. म्हणजे उंची, वजन आणि ताकद ही तीन निरनिराळी मापं. आपण मात्र तिन्ही एका पोत्यात भरतो आणि वर ‘मोठी गाडी’ अशी चिठ्ठी लावतो. माणसांच्या बाबतीत आपण तेच करतो, तेव्हा गाड्यांनी तक्रार करण्याचं कारण नाही.

‘मग घ्यावी एखादी लहानशी,’ असं कुणी म्हणेल. तेही खरं नव्हे. आमच्या शाळेत एक सहाफुटी मास्तर लूनावरून यायचे. पन्नास सीसीचं ते जनावर त्यांच्याखाली दिसायचंच नाही. मास्तर बसल्या बसल्या हवेतून तरंगत येताहेत असं वाटायचं. गुडघे दोन्ही बाजूंना कानांसारखे बाहेर. आम्ही पोरं हसायचो. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. शोभण्याचं खातंच त्यांनी उघडलं नव्हतं. ते फक्त पगाराचं माप मानत. त्या बेफिकिरीबद्दल मला आजही आदर वाटतो. पण शाळेच्या फाटकाशी वळताना हॅन्डल त्यांच्या गुडघ्याला अडायचं आणि दर वेळी एक पाय खाली टेकवून वळण पुरं करावं लागायचं, हेही मला आठवतं. फाटकाशी ते चालून गेलं. भर चौकात समोरून एस.टी. येत असती तर पगाराचं माप कामाला आलं नसतं. लोकांचं हसणं मनावर न घेणं हा सद्गुण आहे; गुडघ्याचं म्हणणं न ऐकणं हा नव्हे.

बुटक्या माणसाचा प्रश्न पाय टेकण्याचा असतो, उंच माणसाचा पाय दुमडण्याचा. त्याने सीटच्या उंचीपेक्षा सीटपासून पाय ठेवायच्या दांडीपर्यंतचं अंतर बघावं. शोरूममध्ये बसून हॅन्डल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघावं, गुडघा लागतो का. अकरा नंबरचा बूट गियरच्या दांड्याखाली सरकतो का, ते बघावं. आणि उतरून ती गाडी चार पावलं मागे ढकलावी. या शेवटच्या परीक्षेत पुष्कळांचा थाट उतरतो. मी हे सगळं सावकाश करत होतो तेव्हा सेल्समन मुलगा म्हणाला, ‘सर, तुमच्या हाइटला काय प्रॉब्लेम?’ त्याला वाटलं, उंच माणसाकडून गाडी पडत नाही. गाडीला हे ठाऊक नसतं. एका मर्यादेपलीकडे कलल्यावर ती सहाफुट्याकडूनही तितक्याच निष्ठेने पडते.

पुतण्याचा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा होता. नवखेपण दोन वर्षांत जाईल, उंची जन्मभर राहील. मग गाडी कुणासाठी घ्यायची? आज जो मी आहे त्याच्यासाठी, की उद्या जो होणार आहे त्याच्यासाठी? आपल्या मध्यमवर्गाचं यावर पिढ्यान्‌पिढ्यांचं उत्तर तयार आहे: वाढत्या अंगाचं घ्या. शाळेचा गणवेश जूनमध्ये गुडघ्याखाली लोंबायचा आणि तिसऱ्या वर्षी अंगाला बसायचा, तोवर विरलेला असायचा. बुटांच्या पुढे कापूस कोंबून आम्ही दोन दोन इयत्ता काढल्या. त्यात काटकसर होती आणि मूल वाढेल असा विश्वासही होता.

पण ढगळ सदरा फार तर हसू करतो. तो आपल्याला वाढायला सवड देतो. गाडी अशी सवड देत नाही. ब्रेक कधी आणि किती दाबायचा हे मला दोन वर्षांनी कळणार असेल, तर मधल्या दोन वर्षांत माझ्यासमोर रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीने काय करावं? सदरा मोठा झाला तर ओझं माझ्या खांद्यावर. गाडी मोठी झाली तर ते तिसऱ्याच्याच अंगावर. इथे ‘शोभेल का’ हा प्रश्न संपतो आणि ‘पेलेल का’ हा सुरू होतो. शोभणं हा बघणाऱ्यांचा आणि आपला खासगी व्यवहार आहे. पेलणं हे रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं आपल्याकडे असलेलं देणं आहे.

ब्रिटनमध्ये हे देणं कायद्याने वसूल करतात. तिथे सतराव्या वर्षी १२५ सीसीपर्यंतची गाडी, एकोणिसाव्या वर्षी ३५ किलोवॅटपर्यंतची, आणि वाटेल तेवढी ताकद हवी तर पायरीपायरीने आलेल्याला एकविसाव्या वर्षी, थेट येणाऱ्याला चोविसाव्या. वय विचारतात, अनुभव विचारतात. उंची कुणी विचारत नाही. आपल्याकडे अठरा पुरी झाली आणि गियरच्या गाडीचं लायसन मिळालं, की शंभर सीसी काय आणि हजार सीसी काय, सरकार दोन्हींकडे सारख्याच मायेने बघतं. म्हणजे कायद्याने ते माप आपल्या सद्‌सद्विवेकबुद्धीवर सोपवलं आहे. ही बुद्धी शोरूममध्ये शिरताना बहुधा चपलांबरोबर बाहेर राहते, ही गोष्ट वेगळी.

शेवटी मी एक साधा नियम धरला. जे बदलता येतं त्यावर अडायचं नाही. जे बदलता येत नाही तिथे हट्ट धरायचा. सीट भरून उंच करता येते, हॅन्डल जरा वर घेता येतं, गियरचा दांडा वरखाली करता येतो. वजन मात्र कमी करता येत नाही. या चाळणीतून एक वापरलेली एक्सपल्स २०० खाली उतरली. सीट ८२५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे बुलेटहून उंच; वजन एकशेसाठच्या घरात, म्हणजे बुलेटहून बरंच हलकं; आणि ताकद एकोणीस घोड्यांची. एवढे घोडे मला तूर्त नावानिशी ओळखतात. उंची माझ्या हाडांच्या मापाची, ताकद माझ्या पाच महिन्यांच्या मापाची. पहिलं माप एकदाच घ्यावं लागलं. दुसरं दर पावसाळ्यात पुन्हा घ्यायचं आहे, आणि ते शिंप्याकडे देता येत नाही.

काकांनी गाडीला एक प्रदक्षिणा घातली आणि ‘किती सीसी?’ म्हणून विचारलं. दोनशे म्हटल्यावर त्यांचा चेहरा मुलगी लहान घरात दिल्यासारखा झाला. ‘अजून मोठी शोभली असती हो तुम्हाला,’ ते म्हणाले. शोभली असतीच, त्यांच्या रसिकतेबद्दल मला शंका नाही.

मी आमच्या हिला विचारलं, ‘तुला काय वाटतं, शोभते का?’

‘अहो, मी मागे बसणार,’ ती म्हणाली. ‘तुमच्या पाठीशिवाय मला काही दिसतच नाही. सिग्नलला गाडी सरळ उभी राहते, तेवढं पुरे.’