किंमतभेद, पाठभेद आणि वाचकाची खूण

1

एकाच छपाईतून बाहेर पडलेल्या दोन प्रती घेऊ. कागद तोच, शाई तीच, चित्रांची मांडणी तीच, संवादांतील प्रत्येक अक्षर तेच. फरक एवढाच की मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात एकीवर 12 सेंट ही किंमत आहे आणि दुसरीवर 9 पेन्स. कथेचा आस्वाद घेणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक शून्यवत आहे. जुन्या कॉमिक्सच्या संग्राहकाच्या दृष्टीने मात्र तो निर्णायक आहे. पेन्सची किंमत छापलेली प्रत मिळावी म्हणून तो वर्षानुवर्षे वाट पाहतो. साहित्याचा अभ्यासक या धडपडीकडे सामान्यतः स्मितपूर्वक दुर्लक्ष करतो. संहितेला स्पर्शही न करणाऱ्या फरकाला मूल्य देणे त्याला बालिश वाटते. प्रस्तुत लेखात हे दुर्लक्ष कितपत समर्थनीय आहे हे तपासावयाचे आहे, आणि त्या ओघात संग्राहकाच्या मूल्यव्यवस्थेत दडलेली एक नैतिक विसंगतीही स्पष्ट करावयाची आहे.

प्रथम वस्तुस्थिती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून ब्रिटनमध्ये अमेरिकन कॉमिक्सच्या आयातीवर निर्बंध होते. ते 1959च्या अखेरीस शिथिल झाले आणि थॉर्प अँड पोर्टर या वितरकामार्फत अमेरिकन अंक पुन्हा ब्रिटनमध्ये येऊ लागले. काही प्रकाशनसंस्थांच्या अंकांवर तेथे पोहोचल्यावर किमतीचा शिक्का मारला जाई. पुढे मार्व्हल या नावाने प्रसिद्ध झालेल्या संस्थेने 1960पासून निराळा मार्ग स्वीकारला. अमेरिकेतच, मूळ छपाईच्या ओघात, काही प्रतींसाठी मुखपृष्ठावरील किमतीची जागा बदलून तेथे पेन्सचा आकडा छापला जाऊ लागला. 'अमेझिंग फँटसी'चा ऑगस्ट 1962चा पंधरावा अंक, ज्यात स्पायडरमॅन प्रथम अवतरला, तोही 9 पेन्स किमतीच्या रूपात आढळतो. अशा प्रती दीर्घकाळ पुनर्मुद्रणे समजल्या जात आणि दुय्यम ठरत. त्या मूळ छपाईचाच भाग आहेत हे मान्य झाल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. वस्तूत काहीही बदलले नव्हते. तिच्याविषयीचे ज्ञान तेवढे बदलले होते.

2

नेल्सन गुडमन यांनी 1968 साली 'लँग्वेजिस ऑफ आर्ट' या ग्रंथात केलेला भेद येथे उपयुक्त ठरतो. चित्राच्या बाबतीत अस्सलपणा हा निर्मितीच्या इतिहासावर अवलंबून असतो. हुबेहूब नक्कल ही नक्कलच राहते. साहित्यकृतीचे तसे नाही. शब्दांची आणि अक्षरांची जुळणी बिनचूक असली की प्रत्येक प्रत सारखीच अस्सल असते. या निकषाने सेंटची प्रत आणि पेन्सची प्रत यांत साहित्यदृष्ट्या भेद संभवत नाही. संग्राहक मात्र मुद्रित प्रतीलाही चित्राचा न्याय लावतो. ती कोठे छापली, कोणत्या ओघात छापली, कोणासाठी छापली, असे प्रश्न तो विचारतो.

हे प्रश्न साहित्याभ्यासाला परके आहेत असे म्हणणे मराठीच्या अभ्यासकाला तरी शोभणारे नाही. आपली पाठचिकित्सा याच प्रश्नांवर उभी आहे. एकनाथांनी शके 1506मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तेव्हा प्रतीप्रतींतील भेद हा त्यांना दूर करावयाचा दोष वाटला असणार. महानुभाव परंपरेची दृष्टी याहून निराळी दिसते. लीळाचरित्रात निरनिराळ्या शिष्यांच्या आठवणींतील फरक 'वासना' म्हणून नोंदवून ठेवले गेले. कोणी काय ऐकले आणि कोणाला काय आठवले हेही जपण्याजोगे आहे, ही त्यामागील जाणीव. डॉ. वि. भि. कोलते यांनी 1978 साली लीळाचरित्राची संपादित आवृत्ती सिद्ध केली तेव्हा पोथ्यांतील अशा भेदांची बारकाईने दखल घेणे अपरिहार्यच होते. पोथीच्या शेवटी येणारी पुष्पिका ग्रंथाच्या आशयात काहीही भर घालीत नाही. ती प्रत कोणी, केव्हा, कोणासाठी उतरली एवढेच ती सांगते. तरीही कोणताही जबाबदार संपादक तिला अनावश्यक मानणार नाही.

मुखपृष्ठावरील किंमत ही मुद्रणयुगातील एक प्रकारची पुष्पिका आहे, असे मला वाटते. 9 पेन्स हा आकडा सांगतो की ही प्रत समुद्रापलीकडील एका विशिष्ट वाचकासाठी सिद्ध झाली. 1971च्या फेब्रुवारीत ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले आणि त्यानंतरच्या अंकांवर नवे पेन्स आले. एका देशाच्या चलनाचा इतिहास असा मुलांच्या चित्रकथेच्या कोपऱ्यात उतरतो. भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ते मानांकन माल कोठून आला हे सांगते. पेन्सचा आकडा माल कोठे जावयाचा होता हे सांगतो. एक मूळ दाखवितो, दुसरा वाचक दाखवितो. या अर्थाने किंमतभेदाला मूल्य देणारा संग्राहक संहितेला चिकटून राहणाऱ्या समीक्षकापेक्षा एक पाऊल पुढे आहे. वाचक कोण, हा प्रश्न त्याने वस्तूच्या पातळीवर विचारला आहे.

3

हाच प्रश्न आपल्याकडील चित्रकथांना लावला म्हणजे तो अधिक गुंतागुंतीचा होतो. मुंबईहून बेनेट कोलमन कंपनीने मार्च 1964मध्ये इंद्रजाल कॉमिक्स इंग्रजीत सुरू केली. थोड्याच काळात हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतील आवृत्त्या निघू लागल्या, आणि ही माला 1990पर्यंत चालली. ली फॉक यांनी 1930च्या दशकात निर्माण केलेले मँड्रेक आणि फँटम हे तिचे आधारस्तंभ होते. पुढे 1976 साली आबिद सुरती यांचा बहादूर आला. तेच चित्र, तोच चौकटींचा क्रम, आणि फुग्यातील अक्षरे तेवढी निराळी. बाह्यतः पाहता भाषेचा हा भेद किमतीच्या भेदासारखाच वाटतो. संग्राहकांच्या याद्यांतही 'मराठी आवृत्ती' ही एका अंकाचा एक प्रकार म्हणून नोंदली जाते.

येथे मात्र संग्राहकाची परिभाषा अपुरी पडते. किमतीचा आकडा बदलल्याने कथेतील कोणीही निराळे बोलू लागत नाही. भाषा बदलली की पात्राचे नातेच बदलते. फँटम मराठीत वेताळ झाला तेव्हा अमेरिकेतील वृत्तपत्रीय मालिकेचा नायक पिंपळावरील वेताळाच्या आणि वेताळपंचविशीच्या शेजारी येऊन बसला. भारतीय आवृत्तीत तर कथेचा भूगोलही हलविला गेला. मुळातील देशाचे नाव बंगालशी जुळते म्हणून त्याचे डेंकाली झाले, आणि मुळात 'सिंग' या नावाने येणाऱ्या चाच्यांची टोळी 'सिंगा' झाली. नावांतील ही किंचित दुरुस्ती म्हणजे येथील वाचकाच्या भावनांचा प्रकाशकाने घेतलेला अंदाज होय. ही पाठभेदाची खरीखुरी उदाहरणे आहेत आणि मराठीतील भाषांतरमीमांसेने त्यांची दखल घ्यावयास हवी. तथापि त्यांची नोंद, त्रोटक स्वरूपात का होईना, प्रथम संग्राहकांनी ठेवली. विद्यापीठीय अभ्यास त्या वाटेला फारसा फिरकला नाही.

4

आता विसंगतीकडे वळू. किंमतभेदाला संग्राहक मूल्य देतो, कारण ती प्रत कोणासाठी होती हे त्यातून कळते. पण ती प्रत प्रत्यक्षात कोणापाशी गेली, हे सांगणाऱ्या खुणांचे काय? पहिल्या पानावर शाईने लिहिलेले मुलाचे नाव, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानाचा शिक्का, दोऱ्याने पुन्हा शिवलेला कणा, बोटांनी काळवंडलेला खालचा कोपरा: या सर्वांना संग्राहकाच्या परिभाषेत एकच नाव आहे, दोष. अमेरिकेत 2000 सालापासून एक संस्था अंकांची प्रत ठरवून त्यांना 0.5 ते 10 असे गुण देते आणि पारदर्शक प्लास्टिकच्या आवरणात कायमचे बंद करते. आवरण उघडले की प्रमाणपत्र संपले. सर्वोच्च गुण मिळविणारी प्रत ही तत्त्वतः कोणी न वाचलेली प्रत असते, आणि यापुढेही ती कोणी वाचावयाची नसते.

भिवापूरसारख्या तालुक्याच्या गावाचा विचार केला तर या निकषाचा अन्याय लक्षात येतो. नागपूर-नागभीड अरुंदमापी रेल्वे 2019 साली रुंदीकरणासाठी बंद झाली. त्या मार्गावरील या गावासाठी कोणत्याही प्रकाशकाने कधी वेगळा आकडा छापला नाही. मुंबईच्या वाचकाची आणि येथील वाचकाची छापील किंमत एकच. त्या किमतीचे ओझे मात्र एक नव्हते. जेथे अंक विकत घेणे हीच चैन असते, तेथे एकाने घेतलेला अंक एका घरात थांबत नाही. तो हातोहाती फिरतो, आणि फिरण्याची किंमत कागद मोजतो. प्रकाशकाने जो भेद छापला नाही तो वाचकांनी आपल्या हातांनी निर्माण केला. प्रकाशकनिर्मित भेद आणि वाचकनिर्मित भेद हे दोन्ही एकाच प्रश्नाचे, ही प्रत कोणाची, याचे उत्तर देतात. बाजार पहिल्याला दुर्मीळता म्हणून गौरवितो आणि दुसऱ्याला हानी म्हणून शिक्षा करतो. वाचकाचा उद्देश ही शोभा ठरते आणि वाचकाचे कृत्य हा कलंक ठरतो, ही ती विसंगती.

हिचा परिणाम केवळ किमतीपुरता मर्यादित नाही. ज्या प्रती सर्वाधिक वाचल्या गेल्या त्या सर्वांत आधी नाहीशा होतात. ज्या टिकतात त्या बहुधा न वाचलेल्या असतात. अशा अवशेषांवरून लिहिलेला बालवाङ्मयाचा इतिहास हा न वाचणाऱ्यांचा इतिहास होण्याचा धोका आहे. 1954च्या ग्रंथवितरण कायद्यान्वये राष्ट्रीय ग्रंथालयात जमा होणारी प्रतही या धोक्यातून सुटत नाही. ती प्रकाशनाची साक्ष देते, वाचनाची नाही.

5

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की संग्रह हा खाजगी छंद आहे. त्याने कोणाचे नुकसान होत नाही, मग त्याला नीतीचे प्रश्न का विचारावेत? वॉल्टर बेंजामिन यांनी म्हटल्याप्रमाणे संग्राहक वस्तूला उपयुक्ततेच्या वेठीतून सोडवितो. रा. भा. पाटणकरांच्या परिभाषेत त्याच्या आनंदाला अलौकिकतावादी अंगाने पाहता येईल. परंतु उपयोगाच्या वेठीतून सुटलेली वस्तू येथे थेट विनिमयाच्या वेठीला धरली जाते. शिवाय एखादी वस्तू एकट्यापाशी उरली की तिच्याविषयीचे त्याचे वर्तन केवळ खाजगी राहत नाही. नाव खोडून, शिक्का पुसून प्रत 'स्वच्छ' करणारा मनुष्य स्वतःच्या मालमत्तेबरोबर दुसऱ्याची साक्षही पुसत असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. संग्राहक नसते तर यातील काहीच उरले नसते. ग्रंथालयांनी चित्रकथांना वाङ्मय मानले नाही, आणि घरांनी त्या रद्दीत घातल्या. हे खरे आहे, आणि म्हणूनच उपदेश करण्याचा अधिकार आपल्या संस्थांना फारसा नाही. फाटणे हे फाटणेच असते. पान गहाळ झालेली प्रत आणि पूर्ण प्रत यांना समान लेखा, असेही कोणी म्हणणार नाही. मागणी एवढीच आहे की झीज आणि खूण यांत फरक केला जावा. वाळवीने पाडलेले छिद्र काही सांगत नाही. पहिल्या पानावरील नाव सांगते. पोथीच्या वर्णनात मालकाचे नाव आणि समासातील टिपा आपण दोष म्हणून नव्हे, माहिती म्हणून नोंदवितो. तीच शिस्त या नव्या पोथ्यांना लावावयास हवी, आणि ती लावण्याचे काम संग्राहकापेक्षा आधी आपल्या विभागांचे आणि ग्रंथालयांचे आहे.

संग्राहकाने आपल्याला एक गोष्ट शिकविली: संहिता तीच असूनही प्रत निराळी असू शकते, कारण वाचक निराळा असतो. तिचा पुढचा अर्थ त्याने स्वीकारावा, एवढेच आता त्याच्याकडे मागावयाचे. वाचकासाठी छापलेला आकडा जर मोलाचा असेल, तर वाचकाने उमटविलेले बोट कमी मोलाचे का, याचे समाधानकारक उत्तर त्याच्या मूल्यव्यवस्थेत नाही. ते उत्तर सापडेपर्यंत त्याच्या कपाटातील सर्वांत निष्कलंक प्रत हीच त्या साहित्याविषयी सर्वांत कमी बोलणारी प्रत राहील.