धूरगोळा, हेतू आणि प्रमाद

तोफगोळ्याचे कवच पोलादाचे असते. तथापि गोळ्याचा गुणधर्म कवचाने नव्हे, तर त्याच्या पोटातील भरणाने ठरतो. सैन्याची हालचाल शत्रूच्या दृष्टीआड राहावी म्हणून डागल्या जाणाऱ्या धूरगोळ्याबाबत हा भेद थेट नीतिविचाराला भिडतो, कारण ज्या शस्त्राचा हेतू केवळ लपवण्याचा आहे, त्याने कोणी भाजून मेला तर ती हिंसा मानावी की अपघात, हा प्रश्न भरण पाहिल्यावाचून सुटत नाही.

पहिल्या महायुद्धापासून प्रचारात आलेला पांढरा फॉस्फरस हा मेणासारखा पदार्थ हवेत सुमारे 30 अंश सेल्सिअसला आपोआप पेटतो, आणि ज्वलनातून तयार होणारे ऑक्साइड हवेतील बाष्प शोषून आम्लाच्या सूक्ष्म थेंबांचा दाट पडदा उभा करते. मात्र त्याचे कण त्वचेला चिकटले, तर हवा मिळत राहील तोवर मांस जाळत जातात. टायटॅनियम टेट्राक्लोराइड हा द्रव याउलट जळत नाही, दमट हवेशी संयोग पावूनच तो धुरकट होतो. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटिश 25 पौंडी तोफेच्या धूरगोळ्यात हेक्साक्लोरोइथेन व झिंक ऑक्साइड यांच्या मिश्रणाचे डबे असत व ते गोळ्याच्या बुडातून बाहेर पडत. त्यांचा धूर बंदिस्त जागेत फुफ्फुसांना घातक ठरतो.

भारतीय तर्कपरंपरेतील न्यायशास्त्रात धुरावरून अग्नीचे अनुमान व्याप्तीच्या, म्हणजे दोहोंच्या अढळ साहचर्याच्या, आधारे केले जाते आणि धुक्याला धूर समजून काढलेला निष्कर्ष सदोष मानला जातो. टायटॅनियमचा पडदा पाहून अग्नीचे अनुमान करणारा अशीच चूक करील. फॉस्फरसच्या पडद्यामागे मात्र अग्नी खरोखरच असतो.

1980 च्या पारंपरिक शस्त्रविषयक कराराचा तिसरा प्रोटोकॉल आग लावणे किंवा भाजणे हाच मुख्य उद्देश असलेल्या शस्त्रांवर निर्बंध घालतो, आणि धूर हे ज्यांचे मुख्य कार्य आहे व दाहकता केवळ आनुषंगिक आहे, त्यांना व्याख्येतून वगळतो. येथे कायदा उद्देशावर थांबतो. जैन आचार्य उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र मात्र हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला, म्हणजे बेसावध वृत्तीला, मध्यवर्ती स्थान देते. त्यामुळे मारण्याची इच्छा नव्हती एवढ्यावर दोष फिटत नाही, सावधगिरी बाळगली होती का, हेही तपासावे लागते.

या कसोटीवर उघड्या रणभूमीवरील पडदा आणि वस्तीवर पडणारा फॉस्फरस एकाच नावाने निर्दोष ठरू शकत नाहीत. भरणाचा गुणधर्म ठाऊक असताना आणि कमी दाहक पर्याय हाताशी असताना तो गोळा माणसांच्या वस्तीत डागणे हा प्रमाद आहे, आणि म्हणून ती हिंसाच आहे.